फॅन स्विच मागायला गिऱ्हाईक आलं, तर आधी तीन प्रश्न विचारा



मागच्या व्हिडिओत मी काउंटरवरच्या इलेक्ट्रिक किटलीत रेडिएटरचा फॅन स्विच बुडवून दाखवला होता. पाणी तापलं, मीटर वाजला आणि व्हिडिओ संपला. पण तो स्विच गाडीत नेमकं काय काम करतो आणि तो विकताना दुकानदार कुठे फसतो, हे सांगायला वेळ पुरला नाही. ते आज इथे सविस्तर लिहितोय. ज्यांना स्पेअर पार्टचं दुकान, छोटं गॅरेज किंवा ऑटो इलेक्ट्रिकचं काम सुरू करायचंय, त्यांनी सगळं वाचा. दुसरा धंदा असेल तर निदान शेवटचा भाग तरी वाचाच.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

माल चांगला होता, तरी गिऱ्हाईक गेलं

मांडवगणला दुकान टाकून जेमतेम सहा महिने झाले होते. बीबीए केलेलं, त्यामुळे हिशोब, मार्जिन, डिस्प्ले सगळं येत होतं. पण कोणता पार्ट गाडीत काय करतो, हे येत नव्हतं. बॉक्सवरचं नाव वाचायचं, गाडीचं मॉडेल विचारायचं आणि माल द्यायचा, एवढंच.

जवळच्या वस्तीवरचे एक दादा आले. जुनी पेट्रोल गाडी. म्हणाले, "गाडी हीट होतीय. मिस्त्री म्हणला फॅन स्विच बदल. आहे का?" होता. दिला. पैसे घेतले. दोन मिनिटांचं काम.

चार-पाच दिवसांनी दौंडच्या दवाखान्यातून आईला घेऊन येत होते. उसाचा सीझन, पुढे ट्रॉल्यांची रांग. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी रखडत चाललेली. गाडीनं पाणी फेकलं. तशीच थोडी पुढे ओढली आणि बंद पडली. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं, लेथवर न्यावं लागलं. खर्च काही हजारांत गेला, आणि आजारी म्हातारी माणूस रस्त्याच्या कडेला तासभर बसली ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आले. आवाज न चढवता एवढंच विचारलं, "तू दिलेला स्विच नवाच होता ना? मग फॅन का नाय फिरला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्विच काढून आणला, तपासला, तर तो अगदी चांगला निघाला. खालच्या होज पाइपला बारीक लिकेज होतं. पाणी कमी झालं होतं, आणि स्विच पाण्यात नव्हताच, वाफेत लटकत होता. त्याला तापमान नीट कळलंच नाही, म्हणून त्यानं फॅन लावला नाही.

त्या दिवशी ठरवलं, ज्या पार्टचं काम आपल्याला सांगता येत नाही, तो पार्ट विकायचा नाही.

हा स्विच नेमकं काय करतो?

इंजिनात पेट्रोल-डिझेल जळतं, त्यातली बरीच उष्णता वाया जाते. ती उष्णता पाणी, म्हणजे कूलंट, उचलतं आणि रेडिएटरमध्ये आणतं. रेडिएटरच्या जाळीतून हवा गेली की पाणी थंड होतं आणि परत इंजिनात जातं.

ही हवा दोन प्रकारे मिळते. गाडी पळत असेल तर समोरून आपोआप येते. गाडी उभी असेल किंवा रखडत असेल तर हवा येत नाही, तेव्हा फॅन ती ओढतो. म्हणून फॅन सतत फिरायची गरज नसते. कधी फिरायचं आणि कधी थांबायचं, एवढं ठरवण्याचं काम फॅन स्विच करतो. तो पाणी थंड करत नाही. पाणी तापलं की फॅनला फक्त हाक मारतो.

आत रचना साधी आहे. दोन वेगवेगळ्या धातूंची एक चकती एकावर एक चिकटवलेली असते. तापल्यावर दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, त्यामुळे ठरलेल्या तापमानाला चकती टक्कन उलटी वळते आणि आतला जोड लागतो. तुमच्या घरच्या इस्त्रीत जे तत्त्व आहे तेच. फरक एवढाच की इस्त्री तापली की जोड सुटतो, इथे तापलं की जोड लागतो.

स्विचच्या अंगावर बऱ्याचदा दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ९५-९० किंवा ९२-८७. याचा अर्थ ९५ अंशांना फॅन चालू आणि पाणी ९० पर्यंत उतरलं की बंद. मधलं पाच अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. ९५ लाच चालू आणि ९५ लाच बंद ठेवलं असतं, तर फॅन दर काही सेकंदांनी चालू-बंद होत राहिला असता आणि रिले, मोटर दोन्ही लवकर गेले असते. तीन पिनांचा स्विच दिसला तर त्यात सहसा दोन टप्पे असतात: आधी हळू स्पीड, आणखी तापलं तर जोरात.

बहुतेक गाड्यांत स्विच फॅनचा सगळा करंट स्वतः वाहत नाही. लहान गाडीच्या फॅनलाही आठ-दहा अँपिअर सहज लागतात. म्हणून स्विच फक्त रिलेला इशारा देतो, आणि रिले फ्यूजमधून आलेला करंट मोटरला देतो. म्हणजे साखळीत चार कड्या आहेत: फ्यूज, रिले, स्विच, मोटर. यातली कोणतीही एक तुटली तरी फॅन फिरत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र दर वेळी "स्विच गेला" म्हणूनच येतं.

९५ अंश म्हणजे पाणी उकळायलाच आलं की!

हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. उत्तर रेडिएटरच्या झाकणात आहे. झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच समजा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. ०.९ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलं तर आणखी थोडी सवलत मिळते. झाकणाचा रबर फाटला की हा दाब राहत नाही, आणि पाणी शंभरच्या आतच उकळायला लागतं. आपला भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या जवळच उकळतं. हा आकडा लक्षात ठेवा, किटलीच्या वेळी लागेल.

आणि म्हणूनच गरम गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटला की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गिऱ्हाईकालाही हे प्रत्येक वेळी सांगा.

कोणत्या गाडीत असतो, कोणत्या गाडीत नसतो

अॅम्बेसेडर, जुनी जीप, ट्रॅक्टर यांत फॅन इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन चालू, की फॅन चालू. तिथे हा स्विच नसतोच. ट्रॅक्टरसाठी कुणी फॅन स्विच मागितला तर आधी बाहेर जाऊन गाडी बघा.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्यात इंजिन आडवं बसवलेलं होतं. आडव्या इंजिनाचा पट्टा समोरच्या रेडिएटरकडे तोंड करत नाही, म्हणून तिथे फॅनला वेगळी इलेक्ट्रिक मोटर लागते. मोटर आली, की तिला कधी फिरायचं ते सांगणारा कुणीतरी लागतोच. अशा गाड्या वाढल्या तसा हा पार्ट खेडोपाडीच्या दुकानांत आला.

पुढे इंजिनावर कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू आला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इंजेक्शनच्या गाड्यांत वेगळा फॅन स्विच कमी होत गेला होता. त्या जागी टेंपरेचर सेन्सर असतो. तो चालू-बंद करत नाही. पाणी तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यावरून ईसीयू तापमान ओळखतो आणि फॅन लावायचा की नाही ते ठरवतो.

दुकानदाराला हा फरक कळायलाच हवा. स्विच आणि सेन्सर दिसायला भावंडं वाटतात, दोन्ही पितळी, दोन्हीला सॉकेट. पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आणि स्विचची जी तपासणी मी पुढे सांगतोय, म्हणजे दोन पिना वायरनं जोडणं, ती सेन्सरच्या सॉकेटवर अजिबात करायची नाही.

चांगला स्विचही गप्प का बसतो?

स्विचला फक्त त्याच्या टोकाला जे लागतं तेवढंच कळतं. इंजिन पेटलं असलं आणि स्विचपर्यंत गरम पाणी पोहोचलं नाही, तर त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे. हे तीन प्रकारे होतं:

* पाणी कमी झालं. वर सांगितलेल्या दादांसारखं. टोक वाफेत किंवा हवेत राहतं.
* थर्मोस्टॅट वॉल्व बंद अवस्थेत अडकला. इंजिनातलं पाणी रेडिएटरमध्ये येतच नाही. इंजिन उकळतंय आणि रेडिएटर हाताला कोमट, अशी अवस्था होते. स्विच रेडिएटरमध्ये बसवलेला असेल तर तो कसा लागणार?
* टोकावर क्षार बसले. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. घरच्या किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि स्विचच्या टोकावर बसतो. मग उष्णता उशिरा पोहोचते.

या तिन्ही वेळी नवा स्विच विकला तर तो महिन्याभरात तुमच्या नावानं बोंब मारत परत येणार.

काउंटरवरचे तीन प्रश्न

आता माझ्या दुकानात फॅन स्विच मागितला की माझा पोरगाही आधी हे तीन प्रश्न विचारतो.

पहिला: गाडी उभी असताना तापते की पळताना? फक्त गर्दीत, ट्रॉल्यांच्या मागे, बाजारात तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर संशय फॅनच्या साखळीवर. चौफुल्याच्या पुढे सोलापूर रोडला साठच्या स्पीडला पळतानाही तापत असेल, तर फॅनचा दोष असण्याची शक्यता फार कमी. पाणी, वॉल्व, वॉटर पंप, तुंबलेला रेडिएटर हे बघा.

दुसरा: पाणी किती दिवसांनी टाकावं लागतं? "दर दोन दिवसांनी" असं उत्तर आलं, तर स्विच बाजूला ठेवा. आधी लिकेज शोधा. बाहेर कुठे ओल दिसत नसेल आणि पाणी तरी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

तिसरा: एसी लावल्यावर फॅन फिरतो का? एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की फॅनला वेगळा इशारा मिळतो. एसीवर तोच फॅन फिरत असेल तर मोटर जिवंत आहे. मग स्विच किंवा त्याची वायर यांच्यावर संशय पक्का होतो. फिरत नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि मोटर. काही गाड्यांत एसीचा फॅन वेगळा असतो, तेवढं बघून घ्या.

तीन प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. माझ्यासाठी ती दोन मिनिटं म्हणजेच दुकानदारी. नुसता बॉक्स द्यायला ऑनलाइनवालाही आहे, आणि स्वस्तात आहे.

गाडीवर आणि किटलीत तपासणी

गाडीवर: दोन पिनांचा साधा स्विच असेल तर त्याचं सॉकेट काढा, चावी ऑन करा आणि सॉकेटच्या दोन टोकांना छोट्या वायरनं जोडा. फॅन फिरला म्हणजे फ्यूज, रिले, मोटर ठीक, आणि दोष स्विचकडे. नाही फिरला तर स्विच विकू नका. हात, बाही, गळ्यातला गमछा फॅनपासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक लागतो. तो दोष नाही. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि आतली उष्णता थोडा वेळ वर येते, म्हणून स्विच लागतो.

काउंटरवर: एक किटली, एक स्वयंपाकाचा किंवा लॅबचा थर्मामीटर, एक मल्टिमीटर. एवढं सामान हजार-दीड हजारात जमतं. मीटर बीपवर ठेवा, दोन पिनांना लावा, स्विचचं फक्त टोक पाण्यात बुडवा. थंड पाण्यात आवाज नाही, आणि कोरलेल्या आकड्याच्या आसपास बीप आला की स्विच चांगला. पाणी निवायला लागलं की खालच्या आकड्याला बीप थांबला पाहिजे. एक मर्यादा लक्षात ठेवा: आपल्याकडे पाणी ९८ च्या जवळ उकळतं, त्यामुळे १०० किंवा त्यापुढचा स्विच किटलीत लागणारच नाही. म्हणून त्याला खराब ठरवू नका.

गिऱ्हाईकासमोर जुना स्विच आधी आणि नवा नंतर, असे दोन्ही तपासा. जुना चांगला निघाला तर विक्री जाते हे खरं. पण त्या माणसाचं पुढचं ऑइल, फिल्टर, ब्रेक शू, बॅटरी कुठून जाणार, ते त्या क्षणी ठरतं.

"फॅन डायरेक्ट करून टाक"

आपल्याकडचा हा लाडका उपाय. स्विच बाजूला काढायचा आणि फॅन थेट चावीवर किंवा डॅशबोर्डच्या बटणावर जोडायचा. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचायला हे जरूर करा, त्यात चूक काही नाही. कायमचं मात्र नको. मोटर दिवसभर फिरून ब्रश लवकर झिजतात, अल्टरनेटरवर विनाकारण भार येतो, जाड वायर आणि फ्यूज न लावता जोडलं तर वायर वितळायची भीती असते. बटणावर असेल तर एखाद दिवशी ड्रायव्हर बटण दाबायला विसरतो, आणि तेव्हा सावध करायला कुणी नसतं. शिवाय मूळ दोष झाकला जातो. लिकेज असेल तर ते तसंच वाढत राहतं.

मिस्त्री लोकांशी यावरून वाद घालू नका. तेच आपले रोजचे गिऱ्हाईक आहेत. "आज डायरेक्ट करा, उद्या गाडी आणा, स्विच मी तपासून देतो" एवढं म्हणा.

विकताना आणि स्टॉक भरताना

जुना पार्ट हातात आल्याशिवाय स्विच देऊ नका. चार गोष्टी जुळवा: कोरलेलं तापमान, आटे, पिनांची संख्या आणि सॉकेटचा आकार. "बसतोय ना, मग चालतंय" हे इथे चालत नाही. ८८ च्या जागी १०० चा बसतोसुद्धा, पण फॅन उशिरा लागतो.

बसवताना वायसर नवा टाका. प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला पाना जोरात आवळू नका, टाकी तडकते. एक पिनेचा स्विच असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याची अर्थिंग अंगातूनच होते, टेपनं ती तुटू शकते.

स्टॉकबद्दल: सगळ्या गाड्यांचे स्विच भरून पैसे अडकवू नका. महिनाभर वहीत लिहा, कोणत्या गाडीसाठी कोणता पार्ट मागितला आणि आपल्याकडे नव्हता. त्या वहीवरून माल भरा. इलेक्ट्रिकल माल परत घेतला जात नाही, ही पाटी सगळीकडे असते, माझ्याकडेही आहे. पण तिच्याखाली मी एक ओळ वाढवली आहे: "तपासून दिला जाईल." बिलावर गाडी नंबर, पार्ट नंबर आणि तपासलेलं तापमान लिहितो. त्यानंतर या पार्टवरून काउंटरला भांडण झालेलं नाही.

ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी

या छोट्या स्विचकडून मी दोन गोष्टी धंद्यात घेतल्या.

पहिली, दोन आकडे. ९५ ला चालू, ९० ला बंद. तसंच प्रत्येक मालाला दोन आकडे ठरवा. किती नग उरले की ऑर्डर द्यायची, आणि किती झाले की थांबायचं. उधारीलाही तेच. किती रकमेला उधारी बंद, आणि किती भरल्यावर पुन्हा चालू. एकच आकडा ठेवला तर रोज त्याच माणसाशी रोज तीच घासाघीस.

दुसरी, स्विच कुठे बसवलाय ते बघा. गल्ल्यात रोज पैसे दिसतात म्हणून धंदा बरा चाललाय असं वाटतं. पण गल्ला म्हणजे रेडिएटरची कोमट बाजू असू शकते. व्यापाऱ्याचं देणं, न खपलेला माल, परत न आलेलं गिऱ्हाईक ही खरी उष्णता तिथे पोहोचतच नाही. आठवड्यातून एकदा वही उघडून तिथे हात लावून बघा.

त्या दादांचं काय झालं, असं ट्रेनिंगमध्ये विचारतात. गॅस्केट किट मी त्यांना खरेदीच्या भावात दिलं. त्यांनी घेतलं, पण त्यानंतर दोन वर्षं दुकानात पाय ठेवला नाही. मागच्या सीझनला त्यांचा पुतण्या आला. म्हणाला, "काकांनी सांगितलंय, तिकडं जा, तो आधी तपासतो."

या आठवड्याचं काम: तुमच्या दुकानात किंवा तुम्ही विचार करताय त्या धंद्यात सर्वात जास्त खपणाऱ्या पाच वस्तू घ्या. प्रत्येकीचं काम चार ओळींत, दहावीतल्या पोराला कळेल अशा मराठीत लिहा. आणि गिऱ्हाईकानं ती मागितल्यावर आधी कोणते तीन प्रश्न विचारायचे, तेही लिहा. जिथे पेन अडेल, तिथून शिकायला सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.